निळ्या दिव्याचा आवाज

"काका, तो निळा दिवा झाकून ठेवला, तरी तुम्हाला ऐकू येईल का?"

मित्रांनो, तेजलने हा प्रश्न विचारला तेव्हा हॉलमध्ये पाच-सहा मोठी माणसं चहा पीत बसली होती. प्रश्न तसा तिचा एकटीचा नव्हता. बाहेर व्हरांड्यात तिच्या दोन मैत्रिणी, स्नेहल आणि माधवी, भिंतीला चिकटून उभ्या होत्या. त्यांनीच तिला डिवचलं होतं, की एवढे तुझे कान भारी आहेत ना, मग विचारून दाखव. आणि तेजल अशी मुलगी, की कोणी 'दाखव' म्हटलं की ती दाखवणारच. निदान अलीकडे तरी.

उत्तर मला ठाऊक होतं. त्या खोलीत फक्त मलाच ठाऊक होतं. पण सांगणार कसं? माझ्या तोंडावर जाळी, माझं अंग लाकडाच्या पेटीत कोंडलेलं, आणि माझी भाषा अशी की ती माणसाच्या कानात शिरतच नाही.

तर आधी ओळख करून देतो. माझं वय फार नाही, पण लोणावळ्याच्या हवेत वस्तू लवकर म्हाताऱ्या होतात, म्हणून तुम्ही मला जुना म्हटलंत तर मी रागावणार नाही. मी ट्वीटर आहे. स्पीकरच्या घरातला धाकटा. आमचा थोरला भाऊ ढोल वाजवतो, मधला गाणाऱ्याचा गळा सांभाळतो, त्याच्यानंतरचा झांजा वाजवतो. मी त्यांच्याही वर बसतो, अगदी शेंड्यावर. म्हणून मला सुपर ट्वीटर म्हणतात. नाव मोठं झोकदार आहे. काम ऐकाल तर हसाल.

तुमच्या विज्ञानाच्या पुस्तकात लिहिलेलं असतं, की माणसाला वीस हर्ट्झपासून वीस हजार हर्ट्झपर्यंतचा आवाज ऐकू येतो. हर्ट्झ म्हणजे एका सेकंदात किती वेळा थरथरायचं, ते. त्याच्या वरच्या आवाजाला श्राव्यातीत म्हणतात, आणि मग लगेच पुढच्या ओळीत वटवाघूळ येतं, कुत्रा येतो. माणूस तिथे नसतो. तर माणसाचे कान जिथे संपतात, तिथे माझी हद्द सुरू होते. गंमत अशी, की मला बनवलं माणसांनी, विकत घेतलं माणसांनी आणि दिवाणखान्यात मांडलंही माणसांनीच.

माझा जन्म एका छोट्या कारखान्यात झाला. माझ्या पोटात एक पातळ पट्टी आहे, कांद्याच्या आतल्या पापुद्र्यासारखी, जोरात फुंकर मारली तरी फाटेल अशी. तिच्या दोन्ही बाजूंना लोहचुंबक बसवले, पुढे जाळी ठोकली, भोवती शिसवी पेटी केली आणि पाठीमागे तारा अडकवायला दोन पितळी खुंट्या लावल्या. सगळं झाल्यावर मला एका टेबलावर ठेवून वाजवून बघितलं. मी जीव तोडून ओरडलो. जन्मल्यावर प्रत्येक बाळ ओरडतं, तसाच. पण एकानेही मान वळवली नाही. सगळे एका पडद्याकडे बघत होते. पडद्यावर एक हिरवी रेघ वर चढली, तेव्हा एक बाई म्हणाल्या, चांगला वाजतोय, आणि त्यांनी मला खोक्यात भरलं. माझा पहिला आवाज कोणी ऐकला नाही. पाहिला.

खोक्यातून बाहेर आलो तो थेट लोणावळ्यात, तुंगार्लीच्या एका बंगल्यात. बंगल्याचे मालक अमृतकाका. एका रंगांच्या कंपनीतून निवृत्त झालेले, राहायला पुण्यात, पण पावसाळा सोडला तर दर शनिवारी इकडे. बाकीचे लोक लोणावळ्यात धबधबे बघायला येतात, हे गाणी ऐकायला यायचे. त्यांना साधं रेकॉर्डिंग चालत नसे. ते म्हणत, साध्या रेकॉर्डिंगमध्ये कानाला न ऐकू येणारा वरचा सगळा भाग कापून टाकलेला असतो. हाय-रिझोल्यूशन म्हणून जे मिळतं, त्यात तो ठेवलेला असतो. कान ऐकत नसले तरी अंग ऐकतं, असं त्यांचं ठाम मत. आता यावर जगात पुष्कळ वाद आहेत म्हणे. काही जण चाचण्या घेऊन सांगतात, थोडा का होईना फरक कळतो. काही जण सांगतात, छे, काही कळत नाही. अमृतकाकांच्या हॉलमध्ये मात्र हा वाद केव्हाच मिटलेला होता. ते डोळे मिटून, बोट वर करून म्हणायचे, "वरची हवा ऐका. वरची हवा."

ती वरची हवा म्हणजे मी.

काकांनी मला मोठ्या स्पीकरच्या डोक्यावर बसवलं आणि माझ्यासाठी एक वेगळा, डब्याएवढा अ‍ॅम्प्लिफायर आणला. त्याला एक बटण आणि एक निळा दिवा. बटण दाबलं की दिवा लागायचा आणि मी सुरू व्हायचो. तारा काकांनी स्वतःच्या हाताने जोडल्या, आणि बंगला सांभाळणाऱ्या विठ्ठलला बजावलं, "बाकी काय पुसायचं ते पूस, हलवायचं ते हलव. पण तारांना हात लावायचा नाही."

"न्हाई लावनार, साहेब," विठ्ठल म्हणाला. तो मूळचा वडिवळ्याचा, एकदा बोलला की दगडावरची रेघ. बंगल्याच्या मागच्या खोलीत तो, त्याची बायको सारिका आणि मुलगी तेजल राहायचे.

तो पहिला हंगाम माझ्या आयुष्यातला सगळ्यात चांगला. काकांनी एकदा टाकवे बुद्रुकला जाऊन अंबाजी नावाच्या शेतकऱ्याच्या बैलजोडीच्या घुंगरमाळांचा आवाज स्वतः रेकॉर्ड करून आणला होता. घुंगरात माझ्या वाटणीचं इतकं काम असतं, की काय सांगू. बैल मान हलवी आणि मी थुईथुई नाचे. शनिवारी जमणारी काकांची मित्रमंडळी म्हणायची, वा, काय हवा आहे. पण मला खरी दाद द्यायचा तो गुंड्या. गुंड्या म्हणजे बंगल्याचा कुत्रा, रंगाने मातकट, एक कान कायम दुमडलेला. मी वाजायला लागलो की त्याचा तो दुमडलेला कानही ताठ व्हायचा. तो मान वाकडी करून थेट माझ्याकडे बघायचा आणि मग कंटाळून अंगणात निघून जायचा. जाऊ दे ना! ऐकून तर जायचा.

मग जून आला.

मित्रांनो, तुमच्यापैकी जे मावळात राहतात त्यांना सांगायला नको. इथे पावसाळ्यात भिंतींना घाम येतो, चामड्याच्या पट्ट्यावर हिरवी लव उगवते, पुस्तकं फुगून बसतात. म्हणून बंगल्याबंगल्यांत एक बल्बचं कपाट असतं. कपाटात एक जुना पिवळा बल्ब रात्रंदिवस जळत ठेवायचा आणि बुरशी लागेल असं सगळं त्याच्या उबेला कोंबायचं. नवे एलईडी बल्ब त्याला चालत नाहीत, ते नुसता उजेड देतात, ऊब देत नाहीत. विठ्ठल असा पिवळा बल्ब मिळवण्यासाठी दरवर्षी बाजारात दहा दुकानं फिरायचा.

काकांनी माझ्या तारा सोडल्या, मला विठ्ठलच्या हातात दिलं आणि पाऊस संपला की जागेवर ठेव असं सांगून ते पुण्याला गेले. मी कपाटात गेलो. एका बाजूला रजया, दुसऱ्या बाजूला साहेबांचे कोट, नाकात डांबरगोळ्यांचा वास, डोक्यावर तो कधीच न मावळणारा पिवळा सूर्य. बाहेर पाऊस कोसळत होता आणि मला तो लाकडातून भुताच्या कुजबुजीसारखा ऐकू यायचा. दार उघडायचं ते फक्त बल्ब गेला का ते बघायला. मला वाटे, तो बल्ब माझा पहारेकरी आहे. तो विझेल तेव्हाच मी सुटेन.

सुटलो. दसऱ्याच्या आसपास विठ्ठलने मला बाहेर काढलं, मऊ फडक्याने पुसलं आणि मोठ्या स्पीकरच्या डोक्यावर अगदी पहिल्यासारखं, पाठ भिंतीला लावून बसवलं. तारा मागे लोंबत होत्या. त्याने त्या बघितल्या. हात लावला नाही. बजावलं होतं ना!

दिवाळीत काका आले. फ्रिज सुरू होता, टीव्ही लावलेला होता, गिझर तापलेला होता. विठ्ठल दरवर्षी सगळं जोडून ठेवायचा. मी जागेवर दिसलो, बटण दाबल्यावर निळा दिवा लागला, मग काकांना आणखी काय हवं? आपणच काय बजावलं होतं ते त्यांच्या लक्षातही नव्हतं. सूचना देणारा विसरतो. घेणारा विसरत नाही. एकाला वाटलं दुसऱ्याने तार जोडली, दुसऱ्याला वाटलं पहिला जोडेल, आणि माझ्या पाठीमागे कोणी डोकावलं नाही.

घुंगरमाळ लागली. काकांनी डोळे मिटले, बोट वर केलं. "ऐका. वरची हवा."

आणि मी गप्प होतो. पूर्ण गप्प. गुंड्या माझ्यासमोर पाय ताणून घोरत पडला होता.

कपाटापेक्षा हा तुरुंग वाईट होता, खरं सांगतो. कपाटात निदान मला कोणी शाबासकी देत नव्हतं. इथे दर शनिवारी माझं कौतुक व्हायचं, आणि कौतुक ज्याचं व्हायचं तो मी नव्हतोच. ते सगळे निळा दिवा ऐकत होते.

अशातच एका शनिवारी तेजल भज्यांची थाळी घेऊन हॉलमध्ये आली. ती तेव्हा नववीत. आतापर्यंत ती दारातच थाळी आईच्या हातात देऊन पळायची. वर्गातही तशीच, उत्तर येत असलं तरी गळ्यात अडकून बसायचं. काकांनी तिला थांबवलं. म्हणाले, आमचे कान म्हातारे झाले, वयाबरोबर वरचे आवाज आधी जातात, तुझे कान कोवळे आहेत. डोळे उघडे ठेवून ऐक आणि सांग, काय बदललं? त्यांनी बटण दाबलं. दिवा लागला.

तेजलने एकदा दिव्याकडे बघितलं, एकदा काकांच्या चेहऱ्याकडे. "मोकळं झालं," ती म्हणाली. "खिडकी उघडल्यासारखं."

मोठ्या माणसांनी टाळ्या वाजवल्या. काका म्हणाले, हिचे कान तयार आहेत. आणि मित्रांनो, मी शपथेवर सांगतो, ती खोटं बोलत नव्हती. तिला खरंच खिडकी उघडल्यासारखं वाटलं होतं.

त्या दिवसापासून ती बदलली. दर शनिवारी हॉलमध्ये तिची खुर्ची. शाळेत पहिला हात तिचा. एके दिवशी तर तिने ध्वनीच्या धड्यावर उभं राहून सांगितलं, की वीस हजारांच्या पलीकडचंही काहींना जाणवतं, उदाहरणार्थ मला. विज्ञानाच्या बाई चकित झाल्या आणि तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनासाठी तिचं नाव गेलं. वडगाव मावळला, सगळ्या शाळांसमोर. प्रकल्पाचं नाव, 'माझे कान वीस हजारांच्या पलीकडे'. काकांनी तिला सरावासाठी केव्हाही हॉल उघडून बसायची परवानगी दिली. ती येता-जाता गुणगुणायची, एकटीच हसायची, आरशासमोर भाषण करायची. विठ्ठल बायकोला म्हणायचा, पोरगी बोलाय लागली, आता थांबत न्हाई. आणि हसायचा.

मी वरून बघत राहायचो. माझ्या मुकेपणावर कोणाचा तरी आवाज उगवत होता. आनंद मानावा की रडावं, मला कळेना.

स्नेहल मात्र तिला "काय गं वटवाघळा, आज काय ऐकलंस?" अशी हाक मारायची. माधवी हसायची. तेजल रागावली की त्या म्हणायच्या, दिवा दिसतो म्हणून तू सांगतेस. दिवा झाकला तर? तेजल म्हणाली, तर काय, तरी ऐकू येईल. स्नेहल म्हणाली, मग काकांना विचार, त्यांनाही येतं का. तेजल म्हणाली, तूच विचार. घाबरलीस? घाबरते कशाला!

आणि म्हणून तो प्रश्न हॉलमध्ये आला.

अमृतकाका हसले. माणूस दिलदार होता. म्हणाले, विचारलंस ते बरं केलंस, होऊन जाऊ दे. सारिकाने दिलेला हातरुमाल दिव्यावर टाकला. स्नेहलला आत बोलावून बटणापाशी बसवलं, सगळ्यांकडे पाठ करून, म्हणजे तिचा हातही दिसू नये. घुंगरमाळ लावायची, तिने मनाला येईल तसं बटण चालू किंवा बंद ठेवायचं आणि काकांनी, तेजलने ओळखायचं. माधवीला शेंगदाण्यांच्या वाट्या दिल्या. बरोबर आलं की एका वाटीत दाणा, चुकलं की दुसऱ्या वाटीत. काकांच्या दोन वाट्या, तेजलच्या दोन. मधेच एका पाहुण्यांनी गप्पांच्या नादात काकांच्या 'बरोबर'च्या वाटीतले दाणे खाल्ले आणि त्यावरून मोठा दंगा झाला, सगळं पुन्हा पहिल्यापासून करावं लागलं.

शेवटी माधवीने वाट्या शेजारी शेजारी ठेवल्या. काकांच्या दोन्ही वाट्यांत जवळजवळ सारखेच दाणे. तेजलच्याही. नाणं उडवून सांगितलं असतं तरी तेवढंच बरोबर आलं असतं.

काका म्हणाले, आज व्होल्टेज बरोबर नाही. धुकंही पडलंय. पाहुण्यांनी माना डोलावल्या आणि कोणीतरी क्रिकेटचा विषय काढला. तेजल बाहेर गेली. मला वाटलं, आता स्नेहल तिला सोडणार नाही. पण स्नेहल एवढंच म्हणाली, "जाऊ दे गं. होतं असं कधीकधी." आणि तिचा हात धरला. तेजलला ते टोमण्यापेक्षा जास्त लागलं. ती हात सोडवून मागच्या खोलीत गेली.

सोमवारी काका पुण्याला गेलेले. शाळा सकाळची होती. दुपारी तेजल हॉलमध्ये आली, माझ्यासमोर उभी राहिली आणि मला म्हणाली, "तू वाजतोस तरी का रे?"

एवढ्या दिवसांत हा प्रश्न कोणीच विचारला नव्हता, मित्रांनो. तिने मला दोन्ही हातांनी उचललं आणि फिरवलं. पितळी खुंट्या रिकाम्या. मागे भिंतीला दोन तारा लोंबत होत्या आणि त्यांच्यामध्ये कोळ्याने छान जाळं विणलं होतं.

ती जोरात हसली. नाचलीच. आईला हाक मारली, वडिलांना हाक मारली. "पप्पा, तार लागलेलीच नव्हती. माझे कान चुकले नाहीत. हा वाजतच नव्हता." सारिका पदराला हात पुसत आली. विठ्ठल अंगणातून पाइप टाकून धावत आला. त्याने माझी पाठ बघितली आणि त्याचा चेहरा उतरला.

त्याच वेळी तेजलचंही हसू थांबलं. तिच्या तोंडावर मी ते थांबताना पाहिलं. वाजतच नव्हता. परवा नाही, त्याच्या आधीही नाही. दिवाळीपासूनच नाही. मग ती उघडलेली खिडकी?

"मग मी काय ऐकलं?" ती हळूच म्हणाली. कोणाला विचारलं ते तिलाही माहीत नसावं.

विठ्ठलला वेगळीच काळजी होती. "तारंला हात लावू नगं म्हनलं हुतं, म्या न्हाई लावला," तो म्हणाला. "आता म्हनतील, तूच काढलीस. शेजारच्या बंगल्यावरच्या संदेशला पंप जळला म्हनून खोली सोडाय लागली. पंप काय त्यानं जाळला हुता? तू असं कर, गुपचूप तार जोड आन् गप ऱ्हा."

"पण पप्पा, शनिवारी त्यांना कळेलच की."

"इतके दिस कळलं का?" विठ्ठल म्हणाला. आणि मग स्वतःच्याच बोलण्याने तो चपापला.

तेजलने तारा पुसल्या, जोडल्या आणि बटण दाबलं. घुंगरमाळ लावली. मित्रांनो, किती महिन्यांनी माझ्या पोटातली ती पापुद्र्यासारखी पट्टी हलली! टाकव्याचे बैल मान हलवत माझ्यातून धावले. दारात झोपलेला गुंड्या ताडकन उठला. त्याचा दुमडलेला कान उभा राहिला, त्याने मान वाकडी केली आणि थेट माझ्याकडे बघितलं. तेजलने बटण बंद केलं. कान पडला. चालू केलं. कान उभा. तिने चार-पाच वेळा केलं. शेवटी गुंड्या वैतागून निघून गेला.

मग तिने आईला बटणापाशी बसवलं आणि स्वतः पाठ करून बसली. तेच. कधी बरोबर, कधी चूक. सारिका म्हणाली, "मला तर दोन्ही येळंला घुंगरूच ऐकू येतंय बाई. ह्यात ती वरची हवा कंची?"

तेजल उठली. तिने मोठे स्पीकर बंद केले. आता फक्त मी होतो. हॉलमध्ये शांतता पसरली. म्हणजे त्यांच्यासाठी शांतता. तिने डोळे मिटले आणि तिचा कान माझ्या जाळीला टेकवला. इतक्या जवळ कोणी कधी आलं नव्हतं. मी सगळं बळ एकवटलं. मला वाटलं, ही एकदा ऐकेल, फक्त एकदा, मग मला पुन्हा कपाटात टाका, बल्बही नका लावू. मी ओरडलो, अगदी जन्मलो त्या दिवशी ओरडलो होतो तसा.

तिचा श्वास माझ्या जाळीवर येत होता. ती खूप वेळ तशीच राहिली. मग कान काढून म्हणाली, "काहीच नाही."

तार जोडली, मी मोकळा झालो, आणि तरी कोंडलेलाच राहिलो. ह्या तुरुंगाला कुलूप नाही, म्हणून किल्लीही नाही. माणसाचा कान एवढाच आहे. त्यात त्याचा दोष नाही आणि माझाही नाही.

पण तिचं काय? प्रदर्शन जवळ आलं होतं. तक्त्यावर मोठ्या अक्षरांत नाव रंगवलेलं होतं. सारिका तिच्याजवळ येऊन बसली. म्हणाली, नाव काढून घे, ताप आलाय म्हणून सांगू. विठ्ठल म्हणाला, काढायचं कशाला, दिवा दिसतोच की तितं, दिवा बघून सांग, कोण झाकाय येतंय? त्याला त्याची खोली वाचवायची होती, आणि तिचं तोंडही पुन्हा बंद पडू द्यायचं नव्हतं. दोन्हीकडून प्रेमच होतं ते, पण दोन्हीकडून दार लागत होतं. तेजल मधे बसली होती, गुडघे पोटाशी घेऊन, पूर्वी दारात उभी राहायची तशी लहान होऊन. तिच्या नाकाचा शेंडा लाल झाला होता. मला वाटलं, गेला हिचा आवाज. माझ्यामुळे आला होता, माझ्याबरोबर गेला.

मित्रांनो, मी एक वस्तू. मला मागायचा अधिकार किती? तरी मागतो. आम्हाला फक्त समोरून पुसू नका, कधीतरी फिरवून पाठही बघा. ज्याला शाबासकी देता तो खरंच वाजतोय का, तेवढं बघत जा. आणि तुमच्या कानांना जपा. कानांत इअरफोनची बोंडं खुपसून आवाज शेवटपर्यंत नेऊ नका, डीजेच्या भिंतीसमोर उभे राहू नका. तुम्हाला ऐकू येतं त्याचा वरचा टोकाचा भाग आधी झिजतो, आणि झिजलेला कान मऊ फडक्याने पुसून परत येत नाही. माझ्या हद्दीत तुम्ही येऊ शकत नाही, हे मी सोसेन. पण जे तुमच्या हद्दीत आहे ते तरी गमावू नका.

तेजलने नाक पुसलं. उठली. माझा निळा दिवा विझवला आणि आई-वडिलांसमोर येऊन उभी राहिली. आवाज जरा कापत होता, पण मोठा होता. मागच्या बाकापर्यंत पोचेल इतका.

"पप्पा, शनिवारी पाहुणे यायच्या आधी मी काकांना एकटी भेटणार आहे. तार जोडलेली नव्हती हे सांगणार, आणि तुम्ही हात का लावला नाहीत, तेही. त्यांनीच बजावलं होतं, त्यांना आठवेल. नाही आठवलं तर मी आठवण करून देईन."

विठ्ठल काही बोलणार होता. तिने हात वर करून त्याला थांबवलं, वर्गात करते तसाच.

"आणि आई, मी नाव काढणार नाही. तक्ता खोडून नवा करीन. वडगावला सगळ्या शाळांसमोर सांगणार, की न वाजणारा ट्वीटर मी कित्येक शनिवार ऐकला. हसतील, तर हसू देत. मग मी त्यांनाही दिवा दाखवून विचारीन, तुम्हाला काय ऐकू येतंय?"